दुसरी वडी

कल्लाप्पानं नखावर मोजून दाखवलं होतं :
एवढीच.
करंगळीच्या नखाएवढी, हिरवट, वर चारोळीचा एक दाणा.
मी हसलो.
(आमच्याकडं बायका अशाच बोलतात, येतो, जातो, हसलो.
पुण्याहून आलेल्या सुनेला विचारा, वर्षभर दचकत होती.)
चौतीस वर्षांची मी, पतसंस्थेत ठेवी मोजणारी,
उभ्या जन्मात सुपारीसुद्धा लागलेली नाही.

रंगपंचमी. शिवाजी पेठेतली गच्चीवरची पत्र्याची खोली,
कानामागं गुलाबी रंग तसाच.
खाल्लं. पाव तास. अर्धा तास. तास.
काय नाही.
संग्राम म्हणाला, तुपात कमी पडली असेल,
आणि मी अख्खी वडी तोंडात टाकली,
कल्लाप्पा खाली पाण्याची मोटर चालू करायला गेला होता तेवढ्यात.

रंकाळा स्टँडवर गगनबावड्याच्या गाडीची वाट बघितलीय कधी?
येत नाही, येत नाही,
माणूस चिडून वडापात बसतो
आणि वळणावर एसटी दिसते.
माझ्या दोन्ही गाड्या एकदम लागल्या.

आधी जिभेचं पाणी गेलं.
मग पंख्याची तीन पाती मी वेगवेगळी ओळखायला लागलो,
एक जरा रागीट होतं.
मग काळीज, कोरड्या विहिरीत चालू राहिलेल्या पंपासारखं.
सात वाजून दहा मिनिटं झाली होती
आणि ती दहा मिनिटं जागची उठेनात.
कल्लाप्पा, मी मरतोय.
मरत नाहीस, तो म्हणाला. चढलीय.
चढलेली उतरती. तिला तिचा वेळ दे.

संग्रामनं किल्ली काढली, दवाखान्यात नेतो म्हणाला,
त्याला स्वतःला रस्ते दोन दिसत असणार.
कल्लाप्पानं ती घेतली आणि जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात टाकली,
झाकण दाबून लावलं.
न्यायचीच वेळ आली तर एकशे आठला फोन लावतो.
शुद्ध हरपली, उलटी थांबेना, छातीत कळ आली
तर डॉक्टरला काय खाल्लं ते खरं सांगायचं.
लाज तुझी, जीव तिचा.

मला कुशीवर निजवलं, पाठीशी उशी,
घोट घोट पाणी.
कुणीतरी बिअर पुढं केली, थंड वाटेल म्हणून.
कल्लाप्पानं नुसतं बघितलं.
बाटली परत सतरंजीखाली गेली.

आणि मग शेंगा.
भुईमुगाच्या, सूपभर, माझ्यासमोर ओतल्या.
घड्याळ भिंतीकडं तोंड करून ठेवलं.
सोल, म्हणाला. मोजून.
मी एकवीसपर्यंत जायचो आणि हरवायचो,
परत एक.
त्याचा आवाज गडहिंग्लजकडचा, अर्धा कानडी,
ओंदु, एरडु, मूरु,
बोटांना टरफल लागत होतं. खरखरीत. खरं.
रात्री साडेअकराला भूक लागली
आणि दाण्यांनी भरलेलं सूप बघून मला रडू आलं.

कल्लाप्पा जाऊन सहा वर्षं झाली.
परवा भाचा आला, इंद्रसेन, सव्वीस वर्षांचा,
आत्या, एकदा बघू दे की.
मी नाही म्हणालो नाही.
नाही म्हटलं तर खाणारच,
कुणाच्या तरी गच्चीवर, उपाशीपोटी, खिशात बुलेटची किल्ली.
विचारलं, कसली गोळी चालू आहे का, बीपीची, झोपेची?
उद्या ड्युटी?
जेवलास?
माळ्यावरून डबा काढला. कुलूप आहे त्याला.
शेजारची ओजल चार वर्षांची,
तिला हिरवं दिसलं की पिस्ता वाटतो.

करंगळी पुढं केली. एवढीच.
तो हसला.
तासाभरानं म्हणाला, आत्या, काय होईना की.
होय, म्हणालो.
गाडी गगनबावड्याची आहे.
किल्ली दे इकडं
आणि ते सूप ओढ.